ही सूट स्टार्टअपना महागात पडेल

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतील. स्टार्टअप चालवणारी मंडळी या कायद्यातल्या एका तरतुदीकडे मोठ्या आशेनं बघतात. ती म्हणजे कलम १७ (३). डेटा किती आहे आणि कसला आहे हे पाहून केंद्र सरकार काही कंपन्यांना, त्यात स्टार्टअपही आले, कायद्यातल्या ठरावीक कलमांतून वगळू शकतं, असं ही तरतूद सांगते. नवा उद्योग आहे, हाताशी आठ-दहा माणसं आहेत, वकील ठेवणं परवडत नाही, तर सुरुवातीची काही वर्षं श्वास घ्यायला जागा द्या, असा त्यामागचा विचार. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

तरीही माझं स्पष्ट मत आहे की सरकारनं ही सूट सरसकट देऊ नये, आणि दिली तरी शहाण्या संस्थापकानं ती वापरू नये. नागरिकांच्या हक्कांच्या बाजूनं हे म्हणायला पुष्कळ आधार आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हापासून तो वाद मिटलेला आहे. पण मला इथे मुख्यतः स्टार्टअपच्या गल्ल्याच्या बाजूनं बोलायचं आहे, कारण त्या बाजूनं फारसं कुणी बोलत नाही. खासगीपणा जपणं म्हणजे खर्च, आणि त्यातून सुटका म्हणजे बचत, असं गणित सगळ्यांनी मनाशी मांडलेलं असतं. ते चुकीचं आहे.

सूट कशातून मिळते ते आधी नीट वाचू. कलम ५, म्हणजे माहिती घेताना ती कोणती आणि कशासाठी घेतो हे ग्राहकाला सांगणं. कलम ८ (३), माहिती अचूक आणि पूर्ण ठेवणं. कलम ८ (७), ग्राहकानं संमती मागे घेतली किंवा ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं, की ती पुसून टाकणं. कलम १०, सरकारनं ‘महत्त्वपूर्ण’ ठरवलेल्या कंपन्यांवरची जादा बंधनं. लहान स्टार्टअपचा त्याच्याशी एरवीही फारसा संबंध येणार नाही. आणि कलम ११, कंपनीकडे माझी कोणती माहिती आहे हे विचारण्याचा ग्राहकाचा हक्क.

आता या यादीत काय नाही ते बघा. कलम ८ (५) नाही. जवळच्या माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यायची, असं ते कलम सांगतं, आणि त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कलम ८ (६) नाही. माहिती फुटली तर या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला कळवायचं. नाही कळवलं तर २०० कोटींपर्यंत दंड. मुलांच्या माहितीविषयीचं कलम ९ही त्यात नाही, तिथेही २०० कोटींपर्यंत. माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा ग्राहकाचा कलम १२मधला हक्कसुद्धा शाबूत आहे. म्हणजे कंपनीकडे माझं काय काय आहे हे मला विचारता येणार नाही, पण जे आहे ते पुसा असं सांगता येईल. अशी विनंती आली की ती पुरी करायला माहिती कुठे कुठे पडली आहे हे कंपनीला शोधावं लागणारच. मग कलम ११मधून सुटून वाचलं काय?

सगळ्यात घातक जोडी आहे ती ८ (७) आणि ८ (५)ची. पुसण्याची सक्ती नाही, पण सांभाळण्याची सक्ती पूर्ण आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की स्टार्टअपच्या सर्व्हरवर काय घडतं हे ज्यानं असं सॉफ्टवेअर जवळून पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही. डेटाबेसमध्ये ‘युजर्स_ओल्ड’ नावाचं एक टेबल असतं, ते कुणी कधी केलं हे कुणालाच आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या योजनेसाठी गोळा केलेले पॅन कार्डाचे फोटो कुठल्याशा फोल्डरमध्ये असतात. खऱ्या ग्राहकांच्या माहितीची एक प्रत चाचणीच्या सर्व्हरवर असते, कारण खोटी माहिती तयार करत बसायला वेळ नव्हता. सोडून गेलेल्या मार्केटिंगवाल्याच्या लॅपटॉपवर सगळ्या मोबाइल नंबरांची एक्सेल फाइल असते. यातली एकही गोष्ट धंद्याला एक रुपया मिळवून देत नाही. पण यातली कुठलीही एक फुटली की दंडाचा विचार करताना मंडळ फुटलेली माहिती कुठल्या प्रकारची होती आणि प्रकरण किती गंभीर होतं हे पाहणार, असं कायद्यातच लिहिलं आहे. पुसण्यातून मिळालेली सूट म्हणजे दंडाला आमंत्रण देणारा ढीग वाढवत नेण्याची परवानगी.

असा ढीग फुटला म्हणजे काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भयंकर उदाहरण फिनलंडमधलं आहे. वास्तामो नावाची कंपनी तिथे २००८मध्ये सुरू झाली. मानसोपचार हवा असलेल्या माणसाला लांबच लांब रांगेत न अडकता थेरपिस्टची वेळ मिळावी, ही तिची मूळ कल्पना, आणि कल्पना चांगलीच होती. वाढत वाढत देशभर पंचवीसेक केंद्रं झाली, सरकारी आरोग्यव्यवस्थेकडूनही रुग्ण येऊ लागले. रुग्णांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली कंपनीनं स्वतःच लिहिली. थेरपिस्ट सत्र झालं की त्यात टिपणं लिहायचे: रुग्ण काय म्हणाला, कशाची भीती वाटते, घरात काय चाललं आहे. या नोंदींचा डेटाबेस नोव्हेंबर २०१७ ते मार्च २०१९ या काळात इंटरनेटवरून कुणालाही गाठता येईल असा उघडा होता. मधे फायरवॉल नव्हती आणि मुख्य खात्याला पासवर्डही नव्हता.

२०१९मध्ये एका गुंतवणूक संस्थेनं कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला. संस्थापकाच्या दृष्टीनं तो यशाचा क्षण. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी कंपनीला खंडणीचा निरोप आला. मागणी चाळीस बिटकॉइनची, तेव्हाच्या भावानं साधारण साडेचार लाख युरो. कंपनीनं पैसे दिले नाहीत. खंडणीखोरानं रुग्णांच्या टिपणांचे गठ्ठे इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, आणि मग त्यानं आणखी नीच पाऊल उचललं: एकेका रुग्णाला थेट मेल. चोवीस तासांत दोनशे युरो द्या, उशीर झाला तर पाचशे, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला जे सांगितलंत ते सगळे वाचतील. चोरीला गेलेल्या नोंदी होत्या सुमारे तेहेतीस हजार माणसांच्या. त्यात मुलंही होती.

फेब्रुवारी २०२१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी सहा लाख आठ हजार युरोंचा दंड ठोठावला, तोवर वसूल करायला कंपनीच उरली नव्हती. गुंतवणूकदारानं खरेदीचा व्यवहार रद्द करून पैसे परत मिळावेत म्हणून न्यायालय गाठलं आणि जवळपास एक कोटी युरोंची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश निघाला. खंडणीखोराला २०२४मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. रुग्णांना त्यांची टिपणं परत ‘खासगी’ करून मिळाली नाहीत, मिळणारही नाहीत.

वास्तामोनं बेकायदा धंदा केला नव्हता. तिची सेवा लोकांना हवी होती, तिला उत्पन्न होतं, तिला गुंतवणूकदार मिळाला होता. सामान्यतः ज्या गोष्टींवरून आपण स्टार्टअप यशस्वी झाला असं म्हणतो, त्या सगळ्या तिथे होत्या. एका उघड्या डेटाबेसनं ते सगळं काही महिन्यांत संपवलं. मानसिक आरोग्य, वंध्यत्व उपचार, कर्ज, मुलांचं शिक्षण अशा क्षेत्रांत आपल्याकडे रोज नवी ॲप येत आहेत. त्यांच्या संस्थापकांनी हे प्रकरण मुळातून वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भीती दाखवून कुणी फार काळ शहाणं होत नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणून मिळकतीकडे वळतो. पुण्यात बाणेर, खराडी, हिंजवडीच्या पट्ट्यात कितीतरी लहान कंपन्या दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकतात: पगाराचं, हजेरीचं, गोदामाचं, ग्राहकसेवेचं. त्यांचा पहिला मोठा परदेशी ग्राहक बहुधा जर्मनीचा, नेदरलँड्सचा नाहीतर अमेरिकेचा असतो. डेमो छान होतो, भाव ठरतो, आणि मग खरेदी विभागाकडून एक एक्सेल शीट येतं. अशी शीटं भरण्यात माझा बराच वेळ गेला आहे, त्यामुळे त्यातल्या ओळी पाठ झाल्या आहेत. डेटा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहतो? तो बघण्याची मुभा तुमच्यातल्या किती जणांना आहे? नोकरी सोडलेल्या माणसाचा प्रवेश किती तासांत बंद होतो? बॅकअप किती दिवस ठेवता? करार संपल्यावर आमचा डेटा किती दिवसांत पुसाल आणि पुसल्याचा पुरावा काय द्याल? तुम्ही पुढे कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या सेवा वापरता, त्यांची यादी द्या. चाचणीसाठी खरा डेटा वापरता का?

ही चौकशी खरेदी अधिकाऱ्याच्या हौसेपोटी होत नाही. मे २०१८पासून लागू असलेल्या युरोपीय डेटा संरक्षण नियमावलीच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार, पुरेशी हमी देऊ शकेल अशाच कंपनीकडे डेटा सोपवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. या नियमावलीच्या सगळ्यात गंभीर उल्लंघनांसाठी उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड कंपनीला बसू शकतो. त्याला तुमच्या उत्तरांवर विसंबून सही करायची असते. आपल्या सरकारनं कलम १७ (३)खाली तुम्हाला कुठलीही सूट दिलेली असो, म्युनिकमधल्या त्या माणसाला तिचा काडीचाही उपयोग नाही. उलट पुसण्याबद्दलच्या प्रश्नापुढे ‘आमच्या देशात आम्हाला याची गरज नाही’ असं उत्तर गेलं, तर शीट तिथेच मिटतं.

ज्या कंपनीनं पहिल्या दिवसापासून मोजकी माहिती घेतली, तिची जागा ठरवली, पुसण्याची वेळ ठरवली, तिला हे शीट भरायला दोन दिवस लागतात. जिनं नाही केलं तिचे दोन इंजिनिअर महिनोन् महिने जुन्या टेबलांत अडकतात आणि तोवर ग्राहकाचं बजेटचं वर्ष संपतं. विक्री करणाऱ्या माणसाला विचारा, सौदा भावामुळे तुटतो त्याहून जास्त वेळा उशिरामुळे तुटतो. लहान कंपनीसाठी खासगीपणाचा पहिला, रोख स्वरूपातला फायदा हाच आहे: पैसे लवकर येतात.

हे परदेशी ग्राहकांपुरतंच आहे असंही समजू नये. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२३मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबत सविस्तर निर्देश काढले. त्यामुळे भारतीय बँक आणि बिगरबँक वित्तसंस्थासुद्धा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला असेच प्रश्न विचारते. नव्या डेटा कायद्यानुसारही मोठ्या कंपनीनं काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी तिचीच राहते. ती ही जबाबदारी करारातून तुमच्यावर ढकलणार हे उघड आहे. सरकारनं माफ केलेलं कलम ग्राहकाच्या वकिलाकडून करारात परत येईल, आणि तेव्हा ते तुमच्या सोयीनं लिहिलेलं नसेल.

कंपनी विकायची वेळ आली की हिशोब आणखी उघडा पडतो. व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीनं याहू ही इंटरनेट कंपनी विकत घ्यायचं ठरवलं ते जुलै २०१६मध्ये, किंमत ४८३ कोटी डॉलर. त्यानंतर याहूमधल्या डेटाच्या जुन्या, प्रचंड चोऱ्या उघडकीला आल्या आणि फेब्रुवारी २०१७मध्ये किमतीतून ३५ कोटी डॉलर वजा झाले. डेटाच्या निष्काळजीपणाची किंमत इतक्या स्वच्छ आकड्यात क्वचितच दिसते. जनुकीय चाचणी करून देणारी ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी २०२१मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य साडेतीनशे कोटी डॉलर धरलं होतं. २०२३मध्ये तिच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली, मार्च २०२५मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि अखेर साडेतीस कोटी डॉलरला तिचा व्यवहार झाला. तिच्या घसरणीला इतरही कारणं होती; एकदा चाचणी केलेला ग्राहक परत येत नाही ही तिची मूळची अडचण. पण दिवाळखोरीच्या अर्जाच्या दोन दिवस आधीच कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी लोकांना आपला जनुकीय डेटा पुसून घेता येतो याची आठवण करून दिली. कंपनीची सगळ्यात मौल्यवान मालमत्ता तीच होती आणि ती पुसून घेण्याचा सल्ला खुद्द राज्याचा कायदा अधिकारी देत होता. डेटा हे नवं तेल आहे असं सांगत फिरणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

आता विरुद्ध बाजू. ती कमकुवत नाही. युरोपातली नियमावली आल्यानंतर गूगल प्ले स्टोअरवरच्या ॲपपैकी जवळपास एक तृतीयांश ॲप बाजारातून गेली आणि नवी ॲप येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, असा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटानं २०२२मध्ये मांडला. नियमांचा खर्च मोठ्या कंपनीला जाणवत नाही, लहानाचं कंबरडं मोडतो, हे म्हणणं त्यामुळे हवेतलं नाही. शिवाय ग्राहक खासगीपणासाठी धावून येतो असंही नेहमी दिसत नाही. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरून केवढा गदारोळ झाला. लोकांचे लोंढे सिग्नल या दुसऱ्या मेसेज ॲपकडे वळले, इतके की सिग्नलची सेवा काही काळ कोलमडली. आज आपल्या नातेवाइकांचा, शाळेतल्या पालकांचा, सोसायटीचा ग्रुप कुठे आहे? व्हॉट्सॲपवरच. प्रोटॉनसारखी खासगीपणाच विकणारी मेल सेवा २०१४मध्ये दहा हजारांहून अधिक लोकांच्या वर्गणीतून साडेपाच लाख डॉलर उभे करते आणि पुढे दहा कोटी खात्यांपर्यंत पोचते, हेही खरं. पण प्रत्येकाला खासगीपणाच विकता येणार नाही. भाजी पोचवणाऱ्या ॲपचा ग्राहक भाजीचा ताजेपणा बघणार.

म्हणूनच मी असं म्हणत नाही की बाजार आपोआप चांगल्याला बक्षीस देतो. उलट, बाजार वर्षानुवर्षं वाईटाला बक्षीस देऊ शकतो. मोबाइलवर कर्ज देणाऱ्या ॲपचं काय झालं ते आपण पाहिलंच. पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी फोनमधले सगळे नंबर आणि फोटो घ्यायचे, हप्ता चुकला की मावशीला, साहेबाला, शेजाऱ्याला फोन करून बदनामी करायची, फोटो विकृत करून पाठवायचे. या छळापायी माणसांनी जीव दिले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटानं नोव्हेंबर २०२१च्या अहवालात सांगितलं की ॲप स्टोअरवर सापडलेल्या सुमारे अकराशे कर्ज ॲपपैकी सहाशे बेकायदा होती. हा धंदा ग्राहकांनी पाठ फिरवल्यामुळे बंद पडला नाही. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली संपर्क यादी, कॉल लॉग, फाइल आणि फोटोंना हात लावायचा नाही, आणि पुढच्या वर्षी गूगलनंही आपल्या स्टोअरवर तसाच नियम केला.

यात स्टार्टअपसाठी एक महत्त्वाचा धडा आहे. सचोटीनं कर्ज देणाऱ्यांपैकीही ज्यांनी पत ठरवण्याचं गणित फोनमधल्या संपर्क यादीवर बांधलं होतं, त्यांना ते मोडून नव्यानं मांडणं भाग होतं. ज्यांनी बँक खात्याचा तपशील ग्राहकाच्या संमतीनं घ्यायची वाट धरली त्यांचं काम चालू राहिलं. त्या वाटेसाठी आपल्याकडे सप्टेंबर २०२१पासून अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था आहे. तिच्यात मधला दुवा असणारी कंपनी माहिती इकडून तिकडे पोचवते, पण स्वतः ती वाचू शकत नाही आणि साठवू शकत नाही. भारतात तयार झालेली ही रचना मला फार मोलाची वाटते. संमती कशासाठी, किती काळासाठी, कुणाला, हे सगळं तिच्यात संगणकाला कळेल अशा भाषेत नोंदलेलं असतं. नियम कडक झाले म्हणून इथे नवे उद्योग मेले नाहीत. नियमांमुळेच काही नवे उद्योग जन्माला आले.

युरोपातल्या त्या अभ्यासाला माझं उत्तरही याच अंगानं आहे. लहान कंपनीवर कागदपत्रांचा भार पडू नये, हे शंभर टक्के मान्य. पण कमी माहिती घेणं आणि काम झालं की ती पुसणं यानं भार वाढत नाही, घटतो. सर्व्हरचं बिल घटतं, उत्तरं देण्याजोगे प्रश्न घटतात, चोरीला जाण्याजोगं काही उरत नाही. सवलत द्यायची तर अर्ज, अहवाल, लेखापरीक्षण यांत द्या. कलम १७ (३)नं नेमकी उलटी निवड केली आहे. स्वस्त आणि हितकारक सवयी ऐच्छिक केल्या आणि सगळ्यात महागडी जबाबदारी तशीच ठेवली.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. शहरातल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर आता एखादं ॲप असतं. सुरक्षारक्षक टॅबवर पाहुण्याचा नंबर टाकतो, फोटो काढतो, फ्लॅटमध्ये विचारणा जाते. रोज येणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईंचं त्यात कायमचं पान असतं: फोटो, नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, कुठल्या कुठल्या घरी काम करतात, कुणी किती तारे दिले. आज त्या दहा मिनिटं उशिरा आल्या हे चार घरांना एकदम कळतं. या बाईंना कुणी कधी बसवून सांगितलं का, की ताई, ही माहिती आम्ही यासाठी घेतो आहोत, इतके दिवस ठेवू, आणि तुम्ही काम सोडलंत की पुसून टाकू? त्या ॲपच्या ग्राहक नाहीत, सोसायटीच्या सभासदही नाहीत. नकार दिला तर फाटकातून आत जाता येणार नाही आणि काम जाईल. ही संमती कायद्याला अभिप्रेत असलेली मोकळी संमती आहे असं मी तरी म्हणू शकत नाही.

हा कायदा त्यांना एक आधार देतो. माहिती घेण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायलाच हवा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये. ही तरतूद कुठल्या कलमात आहे? कलम ५मध्ये, म्हणजे सुटीच्या यादीतल्या पहिल्याच कलमात. ज्या बाईंना या सूचनेची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या सूचनेपासून त्यांना वंचित ठेवण्याची मुभा आपण स्टार्टअपला देणार का? आणि हेही लक्षात घ्या की अशी सूचना चार सोप्या मराठी वाक्यांत लिहायला एका माणसाची एक दुपार पुरते. ती लिहिताना त्या माणसाला स्वतःला कळतं की आपण निम्मी माहिती विनाकारण घेत आहोत. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: टेलिमेडिसिन ॲपनं संपर्क यादीचीही परवानगी मागितली आणि वापरणारीनं ती दिली, तरी उपचाराला त्या यादीची गरज नसल्यानं ती संमती त्या यादीपुरती धरली जाणार नाही. ज्यानं आपली सूचना प्रामाणिकपणे लिहिली त्याला हा वाद कधी लढावाच लागत नाही.

कायदा निर्दोष आहे असं मुळीच नाही. माहिती फुटल्यामुळे ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळवून देणारं आयटी कायद्यातलं कलम ४३ए या कायद्यामुळे मे २०२७मध्ये रद्द होणार आहे. मग दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाणार आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या हाती काही नाही. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलती फार ढोबळ आहेत. माहिती अधिकार कायद्याला त्यानं लावलेली कात्री मला पटलेली नाही. या प्रत्येक मुद्द्यावर लढायला हवं. पण सरकार स्वतःला सूट देतं म्हणून आम्हालाही द्या, हा युक्तिवाद स्टार्टअपनं करू नये.

सरकारकडून मागायचंच असेल तर उपयोगाचं मागावं. बावीस भाषांतले सूचनेचे तयार नमुने डेटा संरक्षण मंडळानं स्वतः प्रसिद्ध करावेत. माहिती फुटल्यावर ७२ तासांत जो सविस्तर अहवाल द्यायचा आहे, त्याचा लहान कंपन्यांसाठीचा सुटसुटीत फॉर्म हवा. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीनं आपल्या योजनांमध्ये पहिल्या सुरक्षा लेखापरीक्षणाचा खर्च उचलावा. तेवढ्यानं एखाद्या नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या कंपनीला मुंबईच्या बँकेचं दार उघडेल. आणि कलम १७ (३)खाली अधिसूचना काढायचीच असेल, तर निदान ५ आणि ८ (७) ही दोन कलमं तिच्यात नसावीत.

संस्थापकांनी मात्र दिल्लीची वाट बघू नये. डेटाबेसमधले सगळे रकाने एका कागदावर उतरवायला एक दिवस लागतो. प्रत्येक रकान्यापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: हा कुणाला, कशासाठी लागतो, आणि कधी पुसणार. वाढदिवसाच्या दिवशी सवलतीचा मेसेज पाठवायला दिवस आणि महिना पुरतो, जन्मवर्षाचं कारण नाही. ग्राहक अठरा वर्षांवरचा आहे एवढंच हवं असेल तर आधारची झेरॉक्स साठवायची गरज नाही. पिनकोडवर भागत असेल तर फोनचं अचूक ठिकाण घेऊ नका. मग रोज रात्री मुदत संपलेल्या नोंदी पुसणारा एक छोटा प्रोग्रॅम लावा, आणि महिन्यातून एकदा जुना बॅकअप चाचणीच्या सर्व्हरवर उतरवून बघा की पुसलेले ग्राहक तिथून परत येत नाहीत ना. बहुतेकांचे येतात. दुरुस्तीचं काम तिथून सुरू करावं लागतं, आणि ते ग्राहक पाच हजार असताना एका आठवड्यात होतं.